पावडरच्या दिवसांसाठी रुंद आणि खेळकर स्की कशी निवडायची: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

पावडर म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ. त्यासाठी पहिली रुंद स्की घेताना मी एकच आकडा बघितला होता, कंबरेची, म्हणजे स्कीच्या मधल्या भागाची, रुंदी. जितकी रुंद तितकी जास्त तरंगणार, एवढंच डोक्यात होतं. मग १२० मिमीच्या पुढची, आत धातूचे दोन पत्रे असलेली, माझ्या उंचीपेक्षा चांगली बारा सेंटीमीटर लांब अशी जोडी घेतली आणि पुढचा अख्खा सीझन तिच्याशी झटापट करण्यात गेला. मोकळ्या उतारावर जोरात सोडली की ती मस्त जायची, पण झाडांमध्ये शिरलं, वेग कमी झाला, की वळायलाच तयार नाही, आणि दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या. स्की चांगलीच होती, पण ती जड अंगाच्या, सुसाट जाणाऱ्या माणसासाठी बनवलेली होती आणि मला हवी होती खेळायला. हा फरक आधी कोणी सांगितला असता तर एक सीझन वाचला असता, म्हणून हे लिहितेय.

खेळकर म्हणजे नेमकं काय ते आधी बघू. ताज्या भुसभुशीत बर्फात वळण दोन प्रकारे घेता येतं. एक म्हणजे एजवर, म्हणजे स्कीच्या धातूच्या धारेवर, चढून कोरत जायचं, आणि दुसरं म्हणजे स्की आडवी करून घसरवत, बर्फाचा फवारा उडवत वळायचं. खेळकर स्कीला हा दुसरा प्रकार सहज जमतो. छोट्याशा उंचवट्यावरून टुणकन उडी मारता येते, टोकावर किंवा शेपटीवर वजन टाकून गिरकी घेता येते, उलटं उतरता येतं, आणि चुकून मागे झुकलात तरी ती लगेच शिक्षा करत नाही. हे सगळं रुंदीमुळे होत नाही. आकार, लवचिकपणा, वजन आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) कुठे बसवलंय, या चार गोष्टी जुळल्या की होतं. रुंदी फक्त तुम्हाला वर ठेवते.

हाताशी काय काय ठेवायचं

दुकानात जायच्या किंवा ऑनलाइन ऑर्डर करायच्या आधी हे एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर तिथे गेल्यावर गोंधळ होतोच.

- तुमचं वजन, पाठीवरची बॅग धरून. आणि उंची.
- बुटाच्या सोलची लांबी मिलिमीटरमध्ये. ही बुटाच्या कडक कवचावर, बहुतेक टाचेच्या बाजूला, ३०५ किंवा ३१५ अशी कोरलेली असते. बुटाचा साइझ वेगळा, हा आकडा वेगळा, बरेच जण इथे चुकतात.
- सोल कुठल्या प्रकारचा आहे. साधा अल्पाइन सोल असेल तर आयएसओ ५३५५, ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित वळलेला रबरी सोल) असेल तर आयएसओ २३२२३, टूरिंगचा (स्कीवरूनच डोंगर चढायच्या बुटाचा) असेल तर आयएसओ ९५२३. बाइंडिंग यावर ठरतं.
- आत्ता वापरता त्या स्कीची मापं. ती स्कीवरच १३२-९८-१२० अशी छापलेली असतात, म्हणजे टोक, कंबर, शेपटी. शेजारी लांबी आणि वळणाची त्रिज्या पण असते.
- एक मोजपट्टी.

१. तुमचा पावडरचा दिवस खरा कसा जातो ते लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच सगळे गाळतात. आपण स्की घेताना डोळ्यासमोर काय असतं, तर गुडघाभर अस्पर्श बर्फ आणि आपण एकटे. पण लिफ्टवर चालणाऱ्या ठिकाणचा खरा दिवस आठवा. पहिले दोन तास ताजा बर्फ, मग सगळीकडे लोकांच्या खुणा, अकरा-बारापर्यंत त्याचे ढिगारे आणि खड्डे झालेले, दुपारी ऊन लागून तोच बर्फ जड, आणि प्रत्येक फेरीला खाली यायला मशीनने दाबून सपाट केलेला कडक ग्रूमर. म्हणजे ज्या क्षणासाठी आपण स्की घेतो तो दिवसाचा पाव भाग. उरलेला वेळही त्याच स्कीवर काढायचा असतो, म्हणून माझं म्हणणं असं की अकरा नंतर चालेल अशी स्की निवडा, सकाळी आठला तर कुठलीही रुंद स्की चालते.

तेव्हा मागच्या सीझनचे दिवस आठवून खरे आकडे लिहा. घोट्याच्या वर बर्फ किती दिवस होता, गुडघ्यापर्यंत किती दिवस, झाडांमध्ये किती वेळ आणि मोकळ्या उतारावर किती. इथे स्वतःशी खोटं बोललात तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतात.

२. कंबरेची रुंदी ठरवा

पावडरसाठी साधारण १०५ ते १२० मिमी हा पट्टा आहे. ढोबळ हिशोब असा:

- १०४ ते १०९: खुणा पडलेल्या बर्फात आणि ग्रूमरवर पण बरी, घोट्या-पोटरीपर्यंतच्या पावडरला पुरते.
- ११० ते ११५: ज्यांच्याकडे आधीच एक अरुंद स्की आहे आणि ही दुसरी जोडी फक्त बर्फ पडल्यावर काढायची आहे त्यांच्यासाठी. बहुतेकांनी इथेच थांबावं.
- ११६ च्या पुढे: ज्यांना खोल बर्फ नियमित मिळतो, किंवा ज्यांचं वजन जास्त आहे.

वजनाचं विसरू नका. साठ किलोच्या माणसाला १०६ मध्ये जे तरंगणं मिळतं त्यासाठी नव्वद किलोच्या माणसाला ११४ लागेल. मित्राला आवडली म्हणून तीच घेतली असं करू नका, आधी मित्राचं वजन विचारा.

जास्त रुंदीचा तोटा कुठे होतो तर कडक बर्फावर. बुटाचा सोल पुढच्या बाजूला जेमतेम ६९ मिमी रुंद असतो. ११२ ची स्की असेल तर एज बुटाच्या बाहेर दोन्हीकडे एकवीस-बावीस मिमी गेली. आता त्या एजवर उभं राहायचं म्हणजे तेवढ्या अंतरावरून स्की उचलून तिरकी करायची, हा सगळा पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. एका एजवरून दुसऱ्या एजवर जायला वेळही जास्त लागतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर ११० च्या वर जायच्या आधी एक दिवस भाड्याने घेऊन कडक ग्रूमरवर नक्की चालवून बघा.

३. रॉकर आणि कॅम्बर समजून घ्या

इथे थोडं थांबू कारण खेळकरपणा मुख्यतः इथून येतो.

स्की सपाट जमिनीवर ठेवली आणि मधला भाग कमानीसारखा वर उचललेला दिसला तर तो कॅम्बर. वजन टाकलं की कमान दाबली जाते, एजला पकड मिळते, आणि वजन काढलं की स्की उसळते. टोक आणि शेपटी लवकरच जमिनीपासून उचलायला लागली तर तो रॉकर. रॉकरमुळे टोक बर्फाच्या वर राहतं आणि स्की आडवी घसरवायला सोपी जाते, कारण कडक एज फक्त पायाखालच्या भागात टेकलेली असते.

ही कल्पना आली कुठून हे कळलं की लक्षात राहतं. रुंद स्की १९८० च्या दशकाच्या शेवटी आली, ॲटॉमिकची पावडर प्लस, रुपर्ट ह्यूबरने बनवलेली. पण आकाराचा खरा बदल शेन मकॉन्की या स्कीअरने केला. त्याचा विचार असा होता की खोल बर्फ कडक जमिनीपेक्षा पाण्याच्या जास्त जवळचा आहे, मग पाण्यावरच्या स्कीसारखा आकार का नको? त्यातून २००२ मध्ये व्होलांट कंपनीची स्पॅटुला आली. कॅम्बर उलटा, म्हणजे स्की केळ्यासारखी वाकलेली, आणि बाजूचा वक्रही उलटा, म्हणजे मध्ये सगळ्यात रुंद. पावडरमध्ये ती विलक्षण चालायची आणि कडक बर्फावर तिला सांभाळणं अवघड होतं. आज बाजारात जवळजवळ प्रत्येक पावडर स्कीमध्ये स्पॅटुलाचा काही ना काही अंश आहे. दुसरा धागा ट्विन टिपचा, म्हणजे शेपटीही टोकासारखी वर वळलेली. १९९८ ची सालोमनची टेन-एटी ही त्यातली गाजलेली, पार्कमध्ये, म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी बनवलेल्या उतारावर, उलटं उतरायला बनवलेली. आजची खेळकर रुंद स्की म्हणजे हे दोन धागे एकत्र.

नवीन माणसाने काय घ्यावं? रॉकर-कॅम्बर-रॉकर. टोकाला भरपूर रॉकर, शेपटीला त्याहून थोडा कमी, आणि पायाखाली थोडासा कॅम्बर. पूर्ण रॉकरवाली, म्हणजे कॅम्बर अजिबात नसलेली स्की खोल बर्फात सगळ्यात मोकळी वाटते, पण वर म्हटलं तसं उरलेल्या पाऊण दिवसाचा विचार करा.

दुकानात बघायची युक्ती: दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, हाताने दाबून मधली फट बंद करा, आणि टोकाकडून बघा की त्या एकमेकींपासून कुठे वेगळ्या होतात. टोकापासून वीस सेंटीमीटरवर की चाळीस? जितकं लांबून वेगळ्या होतील तितका रॉकर लांब. शेपटीकडेही तसंच बघा. कॅटलॉगमध्ये सगळेच रॉकर लिहितात, खरं काय ते हातात धरल्यावर कळतं.

अजून एक गोष्ट बघा, ती म्हणजे सगळ्यात रुंद जागा कुठे आहे. काही स्कीमध्ये ती अगदी टोकाला असते तर काहींमध्ये बरीच मागे, पायाकडे ओढलेली, आणि तिथून टोक निमुळतं होत जातं. निमुळतं टोक ढिगाऱ्यांच्या बर्फात अडकत नाही, स्कीला आपल्या मनाने वळायला लावत नाही. मला स्वतःला हे असलेलीच आवडते.

४. लांबी

रॉकर असल्याने कडक बर्फावर स्कीचा जमिनीला टेकणारा भाग कमी असतो, त्यामुळे ती छापील लांबीपेक्षा आखूड वाटते. म्हणून रुंद स्की नेहमीच्या स्कीपेक्षा पाच ते दहा सेंटीमीटर लांब घ्या असं सांगितलं जातं, आणि ते बरोबर आहे, पण आंधळेपणाने नको. झाडांमध्येच जास्त फिरणार असाल, वेग बेताचा असेल, पहिलीच जोडी असेल, तर तुमच्या उंचीएवढी किंवा तीन-चार सेंटीमीटर जास्त पुरते. मोकळ्या मोठ्या उतारावर जाणाऱ्यांनी किंवा जड अंगाच्यांनी वरची लांबी घ्यावी. माझी बारा सेंटीमीटर जास्तीची चूक मुख्यतः झाडांमध्ये नडली, दोन झाडांमध्ये आडवी करायला जागाच मिळायची नाही आणि शेपटी मागच्या बर्फात रुतून बसायची.

एक सापळा: सगळ्या कंपन्या लांबी एकाच पद्धतीने मोजत नाहीत. कोणी तळाच्या वळणावरून मोजतं, कोणी टोक ते शेपटी सरळ रेषेत. त्यामुळे एका कंपनीची १८४ दुसरीच्या १८२ एवढी निघू शकते. मोजपट्टी त्यासाठीच घ्यायला सांगितलीय.

५. फ्लेक्स हाताने तपासा

फ्लेक्स म्हणजे स्की किती लवते. शेपटी जमिनीवर टेकवा, पण खाली मऊ काहीतरी ठेवून, दुकानदाराची नवी स्की आहे. एका हाताने टोक धरा आणि दुसऱ्या हाताने मध्यभागी पुढे ढकला. आता बघा कुठला भाग आधी वाकतो. खेळकर स्कीमध्ये टोक आणि शेपटी हाताखाली सहज वाकायला हवी, आणि पायाखालचा भाग तसाच कडक राहायला हवा. हात सोडलात की ती परत कशी येते ते पण बघा, झटकन येते की सुस्तपणे. झटकन येणारी स्की उंचवट्यावरून उडायला मदत करते.

अख्खी स्कीच मऊ असेल तर पावडरमध्ये छान वाटतं पण ढिगाऱ्यांमध्ये टोकं फडफडायला लागतात. अख्खी कडक असेल तर वेग असल्याशिवाय ती वाकत नाही आणि न वाकणारी स्की खेळत नाही. वजन कमी असलेल्यांनी एक पायरी मऊ घ्या, इतका साधा नियम आहे. दोन-तीन स्की ओळीने अशा वाकवून बघितल्यात की हाताला आपोआप फरक कळायला लागतो, दुकानात अर्धा तास जास्त लागला तरी लागू दे.

६. वजन आणि आतलं लाकूड

यावर फार वेळ घालवू नका. रुंद स्कीचं वजन एका पायाला साधारण १८०० ते २३०० ग्रॅम असतं. हलकी असेल तर हवेत फिरवायला सोपी, पण ढिगाऱ्यांमध्ये इकडेतिकडे उडते. जड असेल तर सगळं चिरत जाते पण पाय थकतात. पॉप्लर, पॉलोनिया ही हलकी लाकडं, ॲश आणि बीच ही जड आणि दणकट. धातूचे पत्रे म्हणजे टायटॅनल, नावावरून टायटॅनियम वाटतं पण तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. पहिल्या खेळकर स्कीमध्ये टोकापासून शेपटीपर्यंत दोन अख्खे पत्रे नकोत, बूट असतो तिथे छोटा तुकडा असला तर चालतो, स्क्रू चांगले बसतात. बेताचं कौशल्य आणि पायात अडीच किलोची स्की म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

७. माउंट पॉइंट, म्हणजे बाइंडिंग कुठे बसवायचं

याबद्दल नवीन लोकांना कोणी सांगतच नाही आणि दोन एकसारख्या दिसणाऱ्या स्की पूर्ण वेगळ्या का चालतात याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

प्रत्येक स्कीवर कंपनीने एक रेघ दिलेली असते, बुटाच्या सोलच्या मध्यावरची खूण त्या रेघेवर यायला हवी. ही रेघ स्कीच्या खऱ्या मध्यापासून किती मागे आहे ते मोजा. समजा स्की सरळ मोजून १८४ सेंमी, म्हणजे मध्य ९२ वर. शेपटीपासून रेघेपर्यंत मोजलं आणि ८८ आलं, म्हणजे रेघ मध्यापासून ४ सेंमी मागे, यालाच उणे चार म्हणतात. उणे दोन ते उणे पाच असेल तर ती खेळकर धाटणीची स्की, तुम्ही तिच्या मध्यावर उभे राहता, समोर आणि मागे जवळजवळ सारखी लांबी, गिरकी सोपी. उणे आठ ते उणे बारा असेल तर पारंपरिक, समोर लांब टोक, पुढे झुकून चालवायची.

मग पुढे बसवलेली चांगलीच की, असं वाटेल. पण तुम्हाला नडगी बुटाच्या जिभेवर दाबून, पुढे वजन टाकून स्की करायची सवय असेल तर उणे तीनच्या स्कीवर खोल बर्फात टोक खाली जातं आणि तुम्ही तोंडावर. या स्कीवर दोन्ही पायांवर मधोमध, घोटे मऊ ठेवून उभं राहायला लागतं. ही सवय व्हायला मला चार-पाच दिवस लागले आणि पहिल्या दिवशी तर वाटलं परत एकदा चुकीची स्की घेतली. तुमची सवय जुन्या वळणाची असेल आणि ती बदलायची नसेल तर उणे सहा-सातच्या आसपासची स्की शोधा, मधला मार्ग आहे आणि अजिबात कमीपणाचा नाही.

पहिल्यांदा बसवताना कंपनीच्या रेघेवरच बसवा. फार तर एक सेंटीमीटर पुढेमागे. पुढे सरकवलं तर वळायला चपळ पण टोकाचं तरंगणं कमी, मागे सरकवलं तर उलट. एकदा भोकं पाडली की परत पाडायला जुन्या भोकांपासून नव्यांचं अंतर किमान सेंटीमीटरभर लागतं, म्हणजे अर्धा सेंटीमीटर सरकवून बघू म्हटलं तर ते होत नाही. प्रयोग करायचाच असेल तर रुळावर सरकणारी डेमो बाइंडिंग घ्या, थोडी जड असतात पण पहिल्या सीझनला उपयोगी पडतात.

८. बाइंडिंग

तीन गोष्टी तपासा.

पहिली, ब्रेकची रुंदी. ब्रेक म्हणजे स्की सुटली की बर्फात रुतून तिला थांबवणारे बाइंडिंगचे दोन दांडे. ब्रेक स्कीच्या कंबरेएवढा किंवा त्याहून जास्तीत जास्त पंधरा मिमी रुंद हवा. ११२ च्या स्कीला ११५ किंवा १२० चा ब्रेक. खूप रुंद घेतला तर तो बाहेर लटकतो आणि बर्फात किंवा दुसऱ्या स्कीला अडकतो.

दुसरी, तुमच्या बुटाच्या सोलशी जुळतं का. ग्रिपवॉकचा बूट जुन्या साध्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये घालू नका. पाय आत बसतो, खट्ट आवाजही येतो, पण पडल्यावर सुटेलच याची खात्री नसते.

तिसरी, डीआयएन आकडा, म्हणजे बाइंडिंग किती जोर आल्यावर सुटणार. हा वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून तक्त्यात बघून ठरतो. बसवणाऱ्याला हे सगळं खरंखरं सांगा, वजन कमी सांगू नका आणि स्वतःला आहे त्यापेक्षा वरचा स्कीअरही म्हणवू नका. बाइंडिंग घेताना तुमचा आकडा तिच्या पल्ल्याच्या आत यायला हवा, अगदी टोकाला नको. तुमचा साडेसहा असेल तर ४ ते १३ वाली ठीक, ८ ते १८ वाली नको, कितीही मजबूत दिसली तरी.

आणि मोठा धोका: पावडरमध्ये स्की सुटली तर हरवते म्हणून लोक आकडा वाढवून ठेवतात. करू नका. खोल बर्फात सावकाश, पीळ बसत पडायला होतं आणि त्यात न सुटलेली स्की गुडघा घेऊन जाते. स्की शोधायचे उपाय खाली दिलेत.

भोकं पाडायचं काम घरी करू नका. साध्या स्कीला साडेतीन मिमीचा आणि धातूवाल्या स्कीला ४.१ मिमीचा ड्रिल लागतो, खोली मोजून, नेमक्या साच्यावर. चुकलं तर स्की गेली. शिवाय किती जोरावर बाइंडिंग सुटतं ते मशीनवर तपासून घ्यायचं असतं.

९. विकत घ्यायच्या आधी एक दिवस चालवा

भाड्याने किंवा डेमोला मिळत असेल तर नक्की घ्या. पण नुसतं फिरून येऊ नका, प्रत्येक स्कीवर तेच चार प्रकार करून बघा: सावकाश वेगात खोल बर्फ, झाडांमधली छोटी वळणं, दुपारचे ढिगारे जरा जोरात, आणि शेवटी कडक ग्रूमर. प्रत्येक फेरीनंतर लिफ्टवर बसल्या बसल्या फोनमध्ये दोन ओळी लिहा, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या स्की डोक्यात एक होतात. आणि डेमो स्कीच्या एज बोथट आहेत का बघून घ्या, कित्येकदा आपण स्कीला नावं ठेवतो आणि दोष निगराणीचा असतो.

१०. जुनी जोडी घेत असाल तर

जुनी घ्यायला काहीच हरकत नाही, पावडर स्की वर्षातून थोडेच दिवस बाहेर निघते त्यामुळे चांगल्या जोड्या मिळतात. पण हे बघा. बाइंडिंग किती वेळा बसवलंय, दोनपेक्षा जास्त वेळा भोकं पडली असतील तर सोडून द्या. एज बोटाने चाचपत जा, तडा किंवा वर आलेला तुकडा आहे का. बाजूने थर सुटायला लागलेत का, नख घालून बघा, आत पाणी गेलेलं लाकूड परत नीट होत नाही. तळाला दगडाने पडलेला असा खड्डा की आतलं लाकूड दिसतंय, तो एजच्या शेजारी असेल तर घेऊ नका, मध्यावर असेल तर दुरुस्त होतो. दोन्ही स्कीचा कॅम्बर सारखा आहे का तेही बघा. आणि बाइंडिंग फार जुनी असेल तर दुकानवाले तिला हातच लावत नाहीत, म्हणजे स्वस्तात मिळालेल्या जोडीवर नवीन बाइंडिंगचा खर्च धरूनच हिशोब करा.

११. घरी आणल्यावर आणि पहिला दिवस

टोक आणि शेपटीचा जो भाग वर उचललेला आहे तिथली एज रबरी दगडाने थोडी बोथट करा, तिथे धार असली की खुणा पडलेल्या बर्फात स्की मध्येच ओढ घेते. पायाखालची धार मात्र राहू द्या. तळाला मेण त्या दिवसाच्या थंडीप्रमाणे, कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात म्हणून कडक मेण, ओल्या बर्फाला मऊ.

रुंद स्की आली की आपण आपोआप खुणा केलेल्या उतारांच्या बाहेर जायला लागतो, कारण आता जमतं. पण हिमस्खलनाला तुमच्या पायात किती मिमीची स्की आहे याने काही फरक पडत नाही. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत आणि ती वापरायचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. ट्रान्सीव्हर सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे कुठल्याही कंपनीचा कुठल्याही कंपनीला सापडतो, पण फोन अगदी जवळ असेल तर गडबडतो. झाडांमध्ये जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका, झाडाच्या बुंध्याभोवती पोकळ बर्फाचा खड्डा असतो, त्यात डोक्यावर पडलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवू नका.

आता स्की हरवण्याबद्दल. दीड-दोन मीटर लांब भडक रंगाची फीत प्रत्येक बाइंडिंगला बांधा आणि उरलेली पँटच्या पायाच्या आत खोचा, स्की सुटली की फीत बर्फावर पसरते. तरीही हरवलीच तर घाबरून इकडेतिकडे तुडवू नका. पडलात तिथे एक काठी खोचून खूण करा. स्की बहुतेक वेळा तुम्ही थांबलात त्याच्या वरच्या बाजूला असते, कारण ती सुटल्यावर ब्रेकमुळे लगेच रुतते आणि तुम्ही मात्र घसरत खाली येता. सगळे खाली शोधतात. मी एकदा पाऊण तास खालीच शोधत होते आणि ती निघाली चार पावलं वर, हातभर बर्फाखाली आडवी. दुसरी स्की काढा, तिची शेपटी बर्फात खोल घालून उतारावर आडव्या रेघा ओढत वर वर जा, एकेका रेघेत हातभर अंतर, कुठेतरी खट्ट लागतं.

सापडली की आधी बुटांनी बर्फ दाबून उभं राहायला सपाट जागा करा. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ बाइंडिंगच्या पुढच्या भागावर घासून किंवा काठीने खरवडून पूर्ण काढा, थोडासा जरी राहिला तरी बाइंडिंग नीट बंद होत नाही आणि दोन वळणांत परत सुटते. बाइंडिंगच्या आतलाही बर्फ बोटाने काढा. मग उताराच्या खालच्या बाजूची स्की आधी घाला, तिच्यावर वजन टाकून वरची घाला, आणि टाच आत बसल्यावर एकदा पाय झटकून बघा.